बिदर ते गुलबर्गा, चोवीस मिनिटं

भाचीच्या लग्नाला मोटारीनं जावं की विमानानं, असा प्रश्न बिदरच्या जिल्हा कचेरीतल्या एका साध्या कारकुनाला पडावा, यात किशनरावांचा दोष फार थोडा होता. दोष होता वरून आलेल्या एका कागदाचा. १९५२ सालच्या चैत्रात जमीन-पाहणीच्या खात्याकडून विचारणा आली की, बिदरचा विमानतळ आणि गुलबर्ग्याची विमान उतरायची पट्टी या दोहोंमधलं हवाई अंतर किती आणि प्रवासाला वेळ किती लागतो, हे आठ दिवसांत कळवावं. खात्याकडे नकाशे होते, खात्याकडे विमानही होतं. तरी विचारलं, कारण आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट खालून सही-शिक्क्यानिशी लिहून आली की सरकारला बरं वाटतं.

किशनराव हे कचेरीचे मसाफत कारकून. मसाफत म्हणजे अंतर. चार वर्षांपूर्वी राज्य बदललं, झेंडा बदलला, दारावरची पाटी बदलली. पण टेबलांची जुनी नावं बदलायचा हुकूम कोणी काढला नाही, त्यामुळं ती राहिली. साहेब लोक दौऱ्यावर निघाले की कुठून कुठवर किती मैल आणि जायला किती वेळ, हे किशनरावांनी सांगायचं. भिंतीवरचा नकाशा खाली काढायचा, ओला दोरा रस्त्याच्या वळणावळणानं बोटानं दाबत न्यायचा, मग तो पट्टीवर मोजायचा. बैलगाडी ताशी तीन मैल, तट्टू सहा, मोटार वीस. या दोऱ्याच्या जोरावर किशनराव सगळा निजामी मुलूख फिरले होते. (स्वतःच्या अंगानं ते फार फिरले नव्हते. मोटारीत बसलं की त्यांना मोटार लागे. बहीण कलाबाई हिला मादन हिप्परग्याच्या राघोबांना देऊन वीस वर्षं झाली, तिच्याकडं ते दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा पोचल्यावर एक दिवस ओसरीत आडवे पडून होते.)

कचेरीची एक शिस्त मात्र इथंच सांगितली पाहिजे. मसाफतीच्या तक्त्यात फक्त चाक फिरत असेल तेवढाच वेळ धरायचा. चाक थांबलं की तो वेळ शेजारच्या टेबलाचा. तिथं महादेवप्पा बसत. नदीला पाणी आलं, बैल बदलले, ड्रायव्हर जेवायला बसला, साहेबांना वाटेत कोणी ओळखीचं भेटलं, हे सगळे थांबे महादेवप्पांच्या तक्त्यात. दोन्ही तक्ते एकत्र करून माणूस खरोखर पोचतो केव्हा, हे काढणारं टेबल कचेरीत नव्हतं. त्याची कधी गरजही भासली नव्हती, कारण साहेब पोचले की पोचण्याची वेळ तीच, असं सगळे मानत.

तर किशनरावांनी बिदरवर बोट ठेवलं आणि दोरा गुलबर्ग्यापर्यंत सरळ ताणला. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा दोऱ्याला वळण नव्हतं. हुमनाबादचा फाटा नाही, घाट नाही, नाला नाही. साठ मैल. विमान मिनिटाला अडीच मैल जातं असं पाहणी खात्याच्याच कागदात होतं. चोवीस मिनिटं. किशनरावांनी तो आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. आयुष्यात काहीतरी सुंदर केल्यासारखं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या टेबलावर तसं वाटण्याची वेळ पुन्हा येणार नव्हती.

पंधरा दिवसांनी पाहणीचे साहेब स्वतः कचेरीत आले. मद्रासकडचे, उंच, उघड्या डोक्याचे. त्यांचं विमान वैशाखभर बिदरला राहून आसपासच्या जिल्ह्यांचे फोटो काढणार होतं. चोवीस मिनिटांचा कागद त्यांनी पाहिला, हसले आणि जाता जाता म्हणाले, "कभी हमारे साथ चलो, किशनराव. अपना चौबीस मिनट खुद देख लो."

असं साहेब लोक बोलतात आणि विसरतात. किशनरावांनी मात्र विमानाचा कार्यक्रम मागवून घेतला. त्यात वैशाखातल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी आठला बिदर ते गुलबर्गा अशी नोंद होती. त्याच गुरुवारी दुपारी बारा वीसला मादन हिप्परग्यात कलाबाईच्या थोरल्या मुलीचं, शकूचं लग्न होतं. किशनरावांनी ही गोष्ट योगायोग म्हणून घेतली नाही.

घरी सुशीलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा बेत ठरलेला होता.

"मंगळवारी सकाळच्या मोटारीनं निगू," त्या म्हणाल्या. "हुमनाबादला बदलायचं, रात गुलबर्ग्यात काढायची, बुधवारी आळंद, तितून गाडी. लग्नाच्या आदल्या सांजला पोचतो. महादेवप्पा आन् त्येंची गौरम्मा बी संगं येयलेत."

"तू जा त्यांच्या संगं," किशनराव म्हणाले.

"आन् तुमी?"

"मी गुरुवारी येतो."

"गुरुवारी तर लग्नच हाय."

"म्हनूनच गुरुवारी. विमानानं येतो."

सुशीलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, नवऱ्याकडं पाहिलं, आणि ताप वगैरे नाही ना याची खात्री झाल्यावर पुढं विचारलं, "विमान हिप्परग्याला जातंय व्हय?"

"गुलबर्ग्याला. चोवीस मिनिटांत. आठला निगालं की आठ चोवीसला गुलबर्गा. तितून आळंद सव्वीस मैल, मोटारीला एक तास अठरा मिनिटं. फुडं हिप्परगा बारा मैल, राघोबाचं तट्टू घेतलं की दोन तास. अकरा बेचाळीसला मी मांडवात. अडतीस मिनिटं हातात ऱ्हातात, त्यात आंगूळ करून फेटा बांधून होतंय."

"आन् गुलबर्ग्यात मोटार तुमची वाट बगत थांबायलीय?"

"थांबायचं माझ्या तक्त्यात येत न्हाई."

"ते व्हय," सुशीलाबाई म्हणाल्या. "आन् तुमचं पोट?"

"मोटारीला खड्डे लागत्यात म्हनून मोटार लागते. आबाळात खड्डे कुठनं आनावं?"

सुशीलाबाईंनी फक्त एवढं सांगितलं की, लग्नाचं बोलावणं म्हणून आलेलं कलाबाईचं पत्र नवऱ्यानं पुन्हा एकदा वाचावं. किशनरावांनी वाचलं. पत्रात शेवटी लिहिलं होतं, "दादा, बाबा असते तर मला काळजी नव्हती. आता शकूचा हात धरून बोहल्यावर तूच आणायचंस. मामा दुसरा नाही, भाऊ दुसरा नाही. वेळेवर ये." ते वाचून किशनरावांचे डोळे भरून आले. बहिणीवर त्यांचा जीव होता, आणि मोटारीतून उतरून, तोंडावर पाणी मारून, लिंबू चोखत भाचीचा हात धरायची त्यांना खरोखर लाज वाटत होती. विमानातून ताजेतवाने उतरावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी त्याच बैठकीत उत्तर लिहायला घेतलं.

सगळा घोटाळा त्या उत्तरात झाला. किशनरावांना पत्र असं लिहिताच येत नसे. त्यांचा हात आपोआप रकाने आखी. "बिदर ते गुलबर्गा, हवाई, साठ मैल, चोवीस मिनिटं," असं त्यांनी वर लिहिलं. खाली दोन ओळींची जागा उरली. तिथं "आळंदला तट्टू पाठवावे" असं लिहायचं त्यांच्या मनात होतं. पण रकाना आखलेला, तो अर्धा कसा सोडायचा? उठून त्यांनी नकाशा घेतला, गुलबर्ग्याहून हिप्परग्यापर्यंत दोरा सरळ ताणला आणि निव्वळ तक्ता पुरा व्हावा म्हणून लिहिलं, "गुलबर्गा ते मादन हिप्परगा, हवाई, बत्तीस मैल, तेरा मिनिटं. एकूण सदतीस." कागद भरला. तट्टू राहिलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत महादेवप्पांनी सगळा बेत ऐकून घेतला. ते पान लावत होते, आणि पान लावताना बोलायचं नाही असा त्यांचा नियम होता.

"किशनराव," पान तोंडात गेल्यावर ते म्हणाले, "चोवीस मिनिटं बराबर हाय. त्याच्या आदी काय, आन् मागून काय, ते बगितलाव का?"

"त्ये तुमच्या टेबलाचं."

"म्हनूनच इचारायलोय."

"अप्पा, विमानाला थांबे नसत्यात. तुमच्या तक्त्याला विमान लागूच होत न्हाई."

महादेवप्पांनी मान डोलावली. वाद घालणं हाही एक थांबाच, आणि विनाकारण थांबा वाढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मंगळवारी ते, गौरम्मा आणि सुशीलाबाई मोटारीनं गेले. मामाचा आहेर म्हणून घेतलेलं तांब्याचं मोठं घंगाळ सुशीलाबाई बरोबर नेणार होत्या, पण मोटारीच्या टपावर त्याला पोचे येतील म्हणून किशनरावांनी ते ठेवून घेतलं. विमानात त्याला कोण ठोकणार होतं?

गुरुवारी पहाटे किशनराव टांग्यातून विमानतळावर उतरले. अंगात नवा कोट, डोक्याला जरीकाठी फेटा, कडेवर घंगाळ. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "घंगाळ कायको?" किशनरावांनी समजावलं. शिपायानं आत जाऊन दुसऱ्या माणसाला आणलं, त्यानं तिसऱ्याला आणलं, आणि प्रत्येकाला घंगाळाची हकीकत पहिल्यापासून सांगावी लागली. मग असं निघालं की, विमानात बसणारांच्या यादीत किशनरावांचं नाव नाही. नाव घालायचं तर साहेबांची सही हवी. साहेब नाश्ता करत होते. आठ वाजले.

साहेबांनी नाश्ता सावकाश केला, पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. "अरे, तुम सच में आ गए," म्हणाले आणि सही केली. पावणेनऊ. मग वजन. विमानात माणूस आणि सामान तोलून घेतात हे किशनरावांना ठाऊक नव्हतं. त्यांना घंगाळासकट धान्याच्या काट्यावर उभं केलं. वजन जास्त भरलं. एकतर फोटोच्या काचांची एक पेटी कमी करावी लागणार होती, नाहीतर किशनराव. बऱ्याच चर्चेनंतर किशनरावांनी फेटा, कोट आणि जोडे काढून दिले आणि पेटी राहूनही वजन जेमतेम बसलं. (घंगाळ सोडायला ते तयार नव्हते.) साडेनऊ. मग वारा उलटा आहे असं पायलट म्हणाला. वारा सुलटा झाला तेव्हा धावपट्टीवर म्हशी आल्या. म्हशी हाकलल्या तेव्हा पायलट चहा घेत होता.

या सगळ्या वेळात किशनराव मुळीच रागावले नाहीत. प्रत्येक वेळी ते घड्याळ बघत आणि मनाशी म्हणत, "हे महादेवप्पांचं." आपला आकडा शाबूत होता. विमान अजून हललंच नव्हतं. मात्र अकरा वाजले. मांडवात शकू पाटावर बसली असेल, कलाबाई दर घटकेला दारात येऊन रस्त्याकडं बघत असेल, असं त्यांना दिसायला लागलं. त्यांनी आपणहून शिपायाला विचारलं, आता मोटार मिळेल का? सकाळची मोटार वेळेवर गेली होती.

साडेअकराला विमान उडालं. उडालं तेव्हा किशनरावांचं सगळं दुःख खाली राहिलं. बिदरचा किल्ला पाटावरच्या रांगोळीएवढा झाला. तांबडी माती, पांढरे रस्ते, कोरडे नाले, सगळं त्यांच्या भिंतीवरच्या नकाशासारखं. फक्त गावांची नावं लिहिलेली नव्हती. ते घंगाळ मांडीवर धरून, घड्याळ डोळ्यांपुढं धरून बसले. अकरा चौपन्नला साहेबांनी खाली बोट दाखवलं. गुलबर्ग्याचा किल्ला, घुमट, आणि गावाबाहेर ती पट्टी. चोवीस मिनिटं. एक कमी नाही, एक जास्त नाही. किशनरावांना रडू आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

मग विमान उतरलं नाही.

पट्टीवर गुरांचा बाजार भरला होता. एवढी सपाट, साफ, दगड वेचलेली जागा सरकारनं मोकळी ठेवलेली पाहून बाजारवाल्यांनी तिचा उपयोग केला होता. पायलटनं दोनदा खाली झेप घेऊन बघितलं. बैलांनी वर बघितलं आणि रवंथ पुढं चालू ठेवला.

"कोई बात नहीं," साहेब म्हणाले. "तब तक आळंद की तरफ का काम कर लेते हैं."

विमान वळलं. ते वळताना आभाळातही खड्डे असतात ही गोष्ट किशनरावांना पहिल्यांदा कळली. आधी त्यांनी डोळे मिटले. मग मिटलेल्या डोळ्यांनी जास्तच वाटतं म्हणून उघडले. उघडले तेव्हा खाली एक ओळखीची विहीर दिसली, देवळाचं शिखर दिसलं, पिंपळ दिसला, आणि राघोबांच्या घरापुढं हिरव्या डहाळ्यांचा मांडव दिसला. त्यांनी घड्याळ पाहिलं. तेरा मिनिटं झाली होती. किशनरावांचा दुसरा रकानाही बिनचूक निघाला होता.

"साहब," ते ओरडले, "नीचे उतारो. मेरी भांजी की शादी है."

"किधर?"

"इधर. नीचे."

साहेबांनी खाली वाकून पाहिलं. "बहुत अच्छा है," म्हणाले, आणि फोटो काढला.

मांडवात माणूस नव्हतं. सगळं गाव मांडवामागच्या शेतात जमलं होतं. शेताच्या मधोमध चुन्यानं एक मोठं वर्तुळ काढलेलं होतं आणि माणसं त्याच्या कडेनं उभी राहून हात हलवत होती. हे काय चाललंय ते किशनरावांना कळेना. त्यांनी खिडकीला तोंड लावून हात हलवला. विमान फोटोसाठी घिरट्या घालू लागलं. पहिल्या घिरटीला त्यांनी दात आवळले. दुसऱ्या घिरटीला देवाचं नाव घेतलं. तिसऱ्या घिरटीला बारा वीस झाले होते, आणि भाचीच्या आहेरातलं घंगाळ पहिल्यांदा वापरात आलं.

त्यानंतरचं त्यांना फारसं आठवत नव्हतं. गुलबर्ग्याचे बैल हलले नव्हते, पेट्रोल संपत आलं होतं, म्हणून विमान माघारी फिरलं आणि एक वाजून दहा मिनिटांनी सुखरूप उतरलं ते बिदरला. पहाटे टांग्यातून उतरले होते त्याच फाटकाशी किशनराव अनवाणी, बोडके उभे होते. शिपायानं कोट, फेटा, जोडे आणून दिले आणि विचारलं, "हो गई शादी?"

किशनराव पुढं गेले. नळावर त्यांनी घंगाळ चिंचेनं घासून लख्ख केलं आणि दुपारची मोटार धरली. हुमनाबादला मोटार बदलली, रात्र गुलबर्ग्याला धर्मशाळेत काढली, सकाळी आळंद, तिथून भाड्याची बैलगाडी. वाटेतला प्रत्येक थांबा त्यांनी टिपला. महादेवप्पांच्या तक्त्याशी तो मिनिटाला मिनिट जुळला. शुक्रवारी दुपारी चार वाजता, पोटात कालपासून अन्न नाही, तोंडात लिंबू, अशा थाटात मामा लग्नघरी पोचले. नवरा-नवरी वरातीबरोबर सकाळीच नवऱ्याच्या गावी, मंठाळला गेली होती.

वेशीजवळ ईरम्मा नावाची म्हातारी शेण्या वेचत होती. तिनं गाडीतल्या माणसाला निरखून पाहिलं.

"तुमी कलाबाईचे भाऊ न्हवं? काल इमानातून आल्ते ते?"

"व्हय."

"मग आज गाडीतून कामून?"

म्हातारीनं उत्तराची वाट बघितली नाही. ती टोपली तिथंच टाकून गावात सांगायला गेली. अर्ध्या घटकेत त्यांच्या गाडीमागं पन्नास माणसं होती, आणि चालता चालता किशनरावांना सगळं उलगडत गेलं. त्यांचं पत्र शाळेच्या मास्तरांनी चावडीवर वाचलं होतं. गुलबर्गा ते मादन हिप्परगा, हवाई, तेरा मिनिटं. सरकारी कारकुनानं रकाना आखून लिहिलंय म्हणजे विमान हिप्परग्यातच उतरणार, यात गावाला शंका नव्हती. राघोबांनी आपलं शेत चार दिवस दगडी रोळ फिरवून सपाट केलं, चुना टाकला. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड, वाजंत्री, भटजी, सगळे शेतात. विमान आलं, मांडवाभोवती तीनदा फिरलं आणि गेलं.

"मंठाळकर खूश हायत बगा," राघोबा पुढं होऊन म्हणाले. मेव्हण्याला त्यांनी मिठी मारली. "असं लगीन जिल्ह्यात झालं न्हाई म्हनायलेत. मामांनी वरनं तीन फेऱ्या घातल्या. बरोबर मुहूर्ताला. नवरदेवाचे आजोबा तर वर बगून हात जोडायलते."

"मग मुलीला बोहल्यावर कोनी आनलं?" किशनरावांनी विचारलं. त्यांच्या मनात एवढाच प्रश्न होता.

"भटजी म्हनले, मामा आले का? मी म्हनलो, आलेत, वर हायत. भटजी म्हनले, वरनं हात कसा धरतील? तवा महादेवप्पा फुडं झाले. म्हनले, मी धरतो. किशनराव हलत्यात तवा मी थांबतो, आमचं कामच तसं हाय."

महादेवप्पा ओसरीत बसले होते. अंगावर मामाच्या मानाचं नवं धोतर, डोक्याला मामाच्या मानाचा फेटा, पुढं पानाचं तबक. किशनरावांना बघून ते उठले आणि फेटा काढायला लागले.

"ऱ्हाऊ द्या अप्पा," किशनराव म्हणाले. "तुमचाच हाय तो." हे त्यांनी मनापासून म्हटलं.

"मोटार लागली?" महादेवप्पांनी हळूच विचारलं.

"लागली."

"आन् विमान?"

किशनरावांनी हातातल्या घंगाळाकडं पाहिलं. महादेवप्पांनी पुढं विचारलं नाही आणि एक पान लावून दिलं.

सुशीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी घंगाळ पाहिलं, ते नको तितकं लख्ख आहे हेही पाहिलं, आणि आत नेऊन ठेवलं. मग कलाबाई आली. रडून तिचे डोळे सुजले होते, मुलगी गेल्याला अजून दिवस झाला नव्हता. गावाला जे पटलं होतं ते तिला पटलेलं दिसत नव्हतं. ती भावासमोर खाली बसली.

"दादा, मी पदर हलवायलते. दिसले का?"

"मांडव दिसला, कला. तू न्हाई दिसलीस."

"शकू म्हनली, मामा हात हलवायलाय. पहिल्या दोन फेऱ्यांना म्हने खिडकीत दिसलास. तिसरीला न्हाईस. अक्षता तवाच पडल्या. तवा तू काय करायलतास?"

सबंध गाव दारात उभं होतं. तीन फेऱ्यांचा मामा काय सांगतो ते ऐकायला राघोबांनी मागच्यांना गप्प केलं. आशीर्वाद देत होतो, असं म्हटलं असतं तर किशनरावांचं नाव हिप्परग्यात पन्नास वर्षं टिकलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर कलाबाई होती. लहानपणी तिच्याशी खोटं बोललं की तिला कळायचं आणि ती रडायची.

"घंगाळात तोंड घालून बसलोतो," ते म्हणाले. "आबाळात बी खड्डे असत्यात, कला. मग विमान मला घेऊन माघारी बिदरला गेलं. मी हितं आलोच न्हाई म्हन. माझं चुकलं."

कलाबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं सगळ्यांना वाटलं, किशनरावांनाही वाटलं. पण तिचे खांदे वेगळेच हलत होते. ती हसत होती. सुशीलाबाई आतून हसल्या, गौरम्मा हसल्या, राघोबा हसले, आणि चार दिवस रोळ ओढलेले दोन गडी तर जमिनीवर बसून हसले. किशनरावांना फार अपमान वाटला आणि फार बरंही वाटलं. त्यांनी कालपासून पहिल्यांदा भाकरी मागितली.

ते जेवत असताना कलाबाईनं ताटात दूध वाढलं आणि जवळ बसली. राग गेला होता. आवाजही पहिल्यासारखा मऊ झाला होता.

"दादा, फुडल्या वैशाखात धाकटीचं बी उरकून टाकायचं म्हनायलेत."

"येतो की," किशनराव घाईनं म्हणाले. "आठ दिस आदी येतो. मोटारीनं येतो. बैलगाडीनं येतो."

"नगं," कलाबाई म्हणाली. "तिच्यासाटी मामा महादेवप्पा ठरलेत. सकाळीच शब्द घेतला. तू आपला विमानानंच ये. मंठाळकरांनी तुला बगूनच आपली धाकटी बी पसंत केलीय, आन् आता हितून तितून सगळे सोयरे तुला वर बगायला म्हनून येनार हायत."